रांजणगावची अबार्थ पुंटो, तेविसाव्या वर्षी: जुन्या स्पोर्टी गाडीचं एक प्रकरण

खरेदीदार इंजिनिअर, वय २३. चाकणच्या औद्योगिक वसाहतीत सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात नोकरी. हातात पगार ४८ हजार, बँकेत साडेतीन लाख, राहायला धायरीत आई-वडिलांकडे. कामावर जायला कंपनीची बस, इतर फिरायला मोटरसायकल, घरात वडिलांची वॅगन आर. त्याला हवी होती २०१६ ची अबार्थ पुंटो. पांढरा रंग, लाल आरसे, बाजूला लाल पट्टे, मीटरवर ५८ हजार किलोमीटर, दुसरा मालक. सांगितलेली किंमत सहा लाख वीस हजार.

जुनी गाडी घेण्याआधी तपासून देणं हे माझं काम. ही गाडी मी तपासली आणि पुढचं वर्षभर तिच्या खर्चाची वहीही पाहत आलो. या मुलाच्या परवानगीने, ओळख पटेल असे तपशील गाळून हे लिहितो आहे, कारण विशीतली पुष्कळ मुलं आज नेमक्या याच जागी उभी आहेत. पाच-सहा लाखांत नवी घेतली तर साधी हॅचबॅक मिळते, जुनी घेतली तर मनात बसलेली गाडी मिळते. मला अशा मुलांना ‘घेऊ नकोस’ म्हणायचं नसतं. पण गाडीची किंमत निम्मी झाली म्हणून तिचे सुटे भागही निम्म्या किमतीत मिळत नाहीत, हे त्यांच्या डोक्यात आकड्यांसकट बसलेलं असावं, यासाठी माझा जीव तुटतो.

गाडी कोणती आणि ती स्वस्त का

पुंटो आपल्याकडे २००९ साली आली आणि ती पुण्याजवळ रांजणगावच्या कारखान्यात बनायची. अबार्थ हे फियाटचं स्पोर्टी अंग; कार्लो अबार्थ यांनी १९४९ मध्ये इटलीत सुरू केलेलं, म्हणून चाकांवर आणि बॉनेटवर अबार्थचं चिन्ह, विंचू. ऑक्टोबर २०१५ मध्ये अबार्थ पुंटो बाजारात आली तेव्हा तिची शोरूम किंमत ९ लाख ९५ हजार होती. १.४ लिटरचं टी-जेट टर्बो इंजिन (टर्बो म्हणजे इंजिनात जास्त हवा दाबून ताकद वाढवणारा पंखा), १४५ अश्वशक्ती, २१२ न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे चाकं फिरवणारा जोर, पाच गिअर, चारही चाकांना डिस्क ब्रेक, साध्या पुंटोपेक्षा जमिनीच्या जवळ बसवलेली गाडी. शून्य ते शंभर ८.८ सेकंदांत, हा कंपनीचा दावा. त्या वेळी दहा लाखांच्या आत एवढी ताकद देशात दुसरी कोणतीच हॅचबॅक देत नव्हती. स्टिअरिंग हायड्रॉलिक असल्यामुळे रस्ता हातात कळतो. ज्यांनी ती चालवली आहे ते तिच्याबद्दल उगाच हळवे होत नाहीत.

मग ती स्वस्त का? फियाटने इथला गाड्यांचा धंदा आवरता घेतला आणि एप्रिल २०२० मध्ये प्रदूषणाचे बीएस-६ नियम लागू होण्याआधीच पुंटो बंद झाली. शोरूम गेली. सर्व्हिस जीपच्या वर्कशॉपमध्ये किंवा फियाट जाणणाऱ्या मोजक्या खासगी गॅरेजमध्ये होते. सामान्य ग्राहक अशा गाडीपासून लांब राहतो, म्हणून भाव पडतो. भाव पडला की ती तरुणांच्या आवाक्यात येते, म्हणजे जिच्या दुरुस्तीला पैसा आणि धीर दोन्ही लागतात ती गाडी दोन्ही कमी असलेल्या वयाच्या हाती येते. माझ्या मते जुन्या स्पोर्टी गाड्यांचा खरा पेच हाच आहे आणि तो फक्त फियाटचा नाही. जुनी ऑक्टाव्हिया आरएस घ्या किंवा दहा वर्षांची बीएमडब्ल्यू घ्या, भाव बदलतो, पेच तोच राहतो.

सुट्या भागांची विभागणी खरेदीआधीच समजून घ्यावी लागते. फिल्टर, बुश, लिंक रॉड, हेडलाइट असं बरंच सामान साध्या पुंटोचं चालतं आणि ते मिळतं. इंजिनचे काही भाग फियाटच्याच लिनिया टी-जेट सेडानशी जुळतात, तेही शोधल्यावर मिळतात. टर्बो किंवा खास अबार्थचे भाग मात्र अनेकदा युरोपातून मागवावे लागतात. त्यावर वाहतूक, कस्टम ड्यूटी आणि थांबणं. आपल्याकडे जुनं सामान शोधायची वाट मंगळवार पेठेच्या जुन्या बाजारातून किंवा कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून जाते. दरवाजाचं हँडल, आरसा, सीट तिथून जरूर आणावं. ब्रेकचं सामान, टायमिंग बेल्ट, स्टिअरिंगचे जोड यांतलं काहीही वापरलेलं आणू नये.

दिल्लीची एक अबार्थही त्याने हेरून ठेवली होती, जवळपास पावणेदोन लाखांनी स्वस्त. तेव्हा दिल्लीत पेट्रोल गाडीला १५ वर्षांची मर्यादा असल्याने तिथे वय वाढलं की भाव झपाट्याने उतरायचा. पण ती गाडी इथे आणायची तर तिथल्या आरटीओची एनओसी (ना-हरकत), म्हणजे फॉर्म २८, मग महाराष्ट्राचा एकरकमी कर, नवा नंबर, आणि दिल्लीत भरलेल्या कराच्या परताव्यासाठी खेटे. दुसऱ्या राज्यातली गाडी १२ महिन्यांपेक्षा जास्त काळ इथे ठेवायची तर नव्याने नोंदणी करणं कायद्याने बंधनकारक आहे. तेवढं करूनही गाडी आधी डोळ्यांनी बघता येणार नव्हती. तो पर्याय मी पहिल्याच बैठकीत बाजूला ठेवला आणि मुलालाही ते पटलं.

तपासणी

विकणाऱ्याला आदल्या दिवशी एकच विनंती केली होती, आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नका. सकाळी पोहोचल्यावर आधी बॉनेटवर हात ठेवला. थंड होतं. थंड इंजिन पहिल्यांदा सुरू होतानाचं अर्धं मिनिट फार बोलकं असतं: साखळीसारखा खळखळाट, निळा धूर, रेसचं वर-खाली होणं, सगळं त्याच वेळात दिसतं. इथे यातलं काही नव्हतं. इंजिन स्वच्छ सुरू झालं, तेल भरायच्या झाकणाखाली चिकट थर नव्हता, चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन जवळपास सारखं आलं. टर्बोची गरम हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरच्या पाइपात तेलाचा पातळसा हात होता, तेवढा टर्बो गाडीत असतोच.

मग गाडीच्या संगणकाने नोंदवलेले बिघाड वाचणारा स्कॅनर लावला. एकही फॉल्ट कोड नाही. विकणारा खूश झाला, “बघा, एकदम क्लीन आहे.” मला मात्र तिथेच शंका आली. गाडीचा संगणक कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, ऑक्सिजन सेन्सर अशा गोष्टींच्या स्वतःच तपासण्या करत असतो. कोणी कोड पुसले की या तपासण्यांची नोंदही कोरी होते आणि ती परत भरायला थोडे दिवस गाडी चालावी लागते. या गाडीत बहुतेक तपासण्या ‘अपूर्ण’ दाखवत होत्या. रोज वापरात असलेल्या गाडीत तसं दिसत नाही. याचा अर्थ कोड अगदी अलीकडे पुसले होते, किंवा बॅटरी काढली होती. बॅटरी बदलली का विचारलं. नाही म्हणाले.

पुढचा धागा एअर फिल्टरच्या डब्याने दिला. डबा कंपनीचाच, जुना, धुळकट. पण त्याचे बोल्ट आणि क्लॅम्प कोरे. म्हणजे आधी तिथे दुसरं काही, बहुधा जास्त हवा ओढणारा ओपन फिल्टर, बसवलेलं होतं आणि विकण्याआधी मूळ डबा परत लावला. खाली वाकून पाहिलं तर एक्झॉस्टच्या जोडालाही नवं गॅस्केट. अशा खुणा एकत्र दिसल्या की गाडी रीमॅप झालेली असण्याची शक्यता मोठी धरायची. रीमॅप म्हणजे इंजिनच्या संगणकातला प्रोग्रॅम बदलून टर्बोचा दाब आणि ताकद वाढवणं.

मी विकणाऱ्याला बाजूला घेऊन शांतपणे विचारलं. थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, “हो, स्टेज वन केलं होतं. दीड-दोन वर्षं चाललं. विकायचं ठरलं तेव्हा स्टॉकवर आणलं.” स्टेज वन म्हणजे रीमॅपची पहिली पायरी, स्टॉक म्हणजे कंपनीची मूळ स्थिती. माणूस मुळात वाईट नव्हता. स्टॉकवर आणल्याने विषय मिटला असं त्याला मनापासून वाटत होतं.

विषय तिथे मिटत नाही. स्पोर्टी गाडी घेताना आपण आधीच्या माणसाच्या उजव्या पायाची सगळी सवय विकत घेत असतो. प्रोग्रॅम परत बदलता येतो, पण दोन वर्षं वाढीव टॉर्क झेललेली क्लच प्लेट आणि गिअरबॉक्सची बेअरिंगं परत नवी होत नाहीत. म्हणून रस्त्यावर नेल्यावर पहिली चाचणी क्लचची घेतली. चौथ्या गिअरमध्ये दोन हजार आरपीएमवर (इंजिनचे मिनिटाला फेरे) असताना ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला. आरपीएम वेगाच्या पुढे पळाले तर क्लच सरकतो आहे. पहिल्या वेळी ठीक आलं. चढावर परत घेतल्यावर काटा किंचित पुढे उडी मारून जागेवर आला. म्हणजे क्लच आज चालतो, पण वर्ष काढेलच असं नाही. भावात याची किंमत धरावी लागणार होती.

टायमिंग बेल्टचा मुद्दा मला सर्वांत गंभीर वाटला आणि नेमका तोच सगळ्यात दुर्लक्षित असतो. व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांचा मेळ राखायला या इंजिनाला साखळी नाही, रबरी दातेरी बेल्ट आहे. बेल्ट किलोमीटरने थकतो तसा वयानेही थकतो, आणि तो तुटला तर या सोळा व्हॉल्व्हच्या इंजिनात व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात. मग दुरुस्तीचं बिल गाडीच्या किमतीकडे बोट दाखवू लागतं. सर्व्हिसची सगळी बिलं चाळली. तेल, फिल्टर, ब्रेक पॅड, सगळ्याच्या नोंदी होत्या. बेल्टची एकही नाही. ५८ हजार किलोमीटर कमी वाटतात, पण बेल्ट नऊ वर्षांचा होता. मी मुलाला तिथेच सांगितलं, “घेतलीस तर घरी नेण्याआधी गॅरेजला न्यायची. बेल्ट, तो ताणून धरणारा टेन्शनर आणि वॉटर पंप एकदम बदलायचे. त्याआधी ती हायवेला काढायची नाही.”

टायर पुढचे एका कंपनीचे, मागचे दुसऱ्या कंपनीचे. टायरच्या कडेवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. मागच्या टायरवर २३१७, म्हणजे २०१७ चा तेविसावा आठवडा. नक्षी भरपूर शिल्लक होती आणि विकणारा तीच दाखवत होता, पण रबर कडक झालं होतं, कडेला बारीक भेगा पडल्या होत्या. साधारण गाडीवरही असे टायर मी ठेवू देत नाही. १४५ अश्वशक्तीच्या गाडीवर ते ठेवणं म्हणजे पावसाळ्याची वाट बघत बसणं.

रंगाची जाडी मोजली तर डावा मागचा भाग इतर पत्र्यापेक्षा दुपटीहून जाड लागला. परत रंगवलेला. डिकीचा कार्पेट उचलून खालचे वेल्ड पाहिले, ते कारखान्याचेच होते, पत्रा मुडपलेला नव्हता. म्हणजे बाहेरून घासलेली, सांगाड्याला धक्का नाही. सस्पेन्शनचे पुढचे लोअर आर्म आणि लिंक रॉड खड्ड्यांत आवाज करत होते. आपल्या रस्त्यांवर कमी उंचीच्या गाडीत हे व्हायचंच.

कागद

आरसीवर बँकेचं नाव अजून होतं. कर्ज फिटलं होतं, पण बोजा उतरवलेला नव्हता. बँकेचं ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ देऊन तो उतरवल्याशिवाय गाडी दुसऱ्याच्या नावावर होत नाही. ई-चलनं पाहिली तर अकरा बाकी, त्यातली बहुतेक वेगाची. ही यादी मी प्रत्येक स्पोर्टी गाडीच्या बाबतीत काळजीपूर्वक वाचतो, कारण आधीचा माणूस गाडी कशी चालवत होता हे तिच्याइतकं खरं दुसरं कोणी सांगत नाही. चलनं विकणाऱ्याने भरायची, बोजा विकणाऱ्याने उतरवायचा, त्यानंतरच उरलेले पैसे द्यायचे, असं कागदावर लिहून घेतलं.

मुलाला गाडी पाडव्याला दारात हवी होती आणि विकणाऱ्याला ते कळलं होतं. “अजून दोघं बघून गेलेत” हे वाक्य दोनदा आलं. मी मुलाला म्हटलं, मुहूर्त कागद पूर्ण झाल्यावर काढू. गाडी अक्षय्य तृतीयेला आली. मधल्या काळात बोजा उतरला, चलनं भरली गेली, आणि विकणाऱ्याचा सूरही खाली आला. व्यवहार पाच लाख पस्तीस हजारांवर झाला.

मालकी बदलाचे फॉर्म २९ आणि ३० लगेच भरले. इथे मुलं ढिलाई करतात, आणि ती घातक ठरते. नाव बदललं नाही तर अपघाताच्या वेळी कागदावरचा मालक आणि चालवणारा वेगळे निघतात, मग दोन्ही घरांना कोर्टाच्या पायऱ्या. विम्याचंही तसंच. गाडी विकली गेली की थर्ड पार्टी संरक्षण कायद्याने नव्या मालकाकडे जातं, पण स्वतःच्या गाडीचं नुकसान भरून मिळायचं तर पॉलिसी नव्या नावावर हवी, आणि त्यासाठी १४ दिवसांत अर्ज करायचा असतो. विकणाऱ्याचा नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दलची सूट, त्याच्याबरोबर जातो. तो गाडीचा नसतो, माणसाचा असतो. शिवाय गाडी १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेली असल्याने नवी सुरक्षा नंबर प्लेट बसवून घेतली.

विम्यात एक गोष्ट मला नेहमी खटकते. ब्रिटनमध्ये तेवीस वर्षांच्या मुलाने टर्बो गाडी घेतली तर विम्याचा आकडाच त्याला दोनदा विचार करायला लावतो, कारण तिथे चालकाचं वय आणि गाडीचा गट यांवर हप्ता ठरतो. आपल्याकडे थर्ड पार्टीचा हप्ता फक्त इंजिनाच्या सीसीवर ठरतो. १००० ते १५०० सीसीला २०२२ पासून ३,४१६ रुपये. ही गाडी १३६८ सीसीची, म्हणजे आजोबांच्या सेडानला आणि नातवाच्या अबार्थला हप्ता तोच. मुलगा अनुभवी नाही, गाडी जोरकस आहे, हे त्याला सांगणारा एकही आकडा व्यवहारात कुठे येत नाही. ते काम घरच्यांना करावं लागतं.

पैसे

साडेतीन लाख बचतीतले सव्वा लाख बाजूला ठेवायचे आणि त्यांना खरेदीत हात लावायचा नाही, ही माझी अट होती. गाडीच्या किमतीचा जवळपास एक चतुर्थांश हातात शिल्लक नसेल तर जुनी स्पोर्टी गाडी घेऊच नये, असं माझं ठाम मत आहे. उरलेले सव्वादोन लाख त्याचे, एक लाख वडिलांनी दिले, दोन लाख दहा हजारांचं वैयक्तिक कर्ज तीन वर्षांसाठी. इतक्या जुन्या गाडीवर वाहनकर्ज द्यायला बँका नाखूश असतात. हप्ता महिना सात हजार दोनशेच्या आसपास.

पहिल्याच महिन्यात बाजूच्या सव्वा लाखातले पैसे असे गेले. टायमिंग बेल्टचा सगळा संच, वॉटर पंप, सगळी तेलं, कूलंट, स्पार्क प्लग मिळून ३१ हजार. १९५/५५ आर१६ मापाचे चार टायर ३४ हजार. लोअर आर्म आणि लिंक रॉड १९ हजार. सर्वसमावेशक विमा साडेअठरा हजार. नाव बदलणं, प्लेट, पीयूसी आणि किरकोळ मिळून सहा हजार. बेरीज एक लाख साडेआठ हजार. मुलगा वहीकडे बघून म्हणाला, “काका, अजून मी ती नीट चालवलीसुद्धा नाही.” खरंच होतं. पण हा खर्च त्याने वाढवलेला नव्हता. आधीच्या दोन मालकांनी पुढे ढकललेलं त्याच्या वाट्याला आलं होतं. भाव कमी करून घेतला नसता तर हे त्याला झेपलं नसतं.

चालवणं

अबार्थ पुंटोला एबीएस आहे, दोन एअरबॅग आहेत. ट्रॅक्शन कंट्रोल किंवा ईएसपी, म्हणजे चाकं जागेवर फिरू लागली किंवा गाडी घसरू लागली तर आपोआप आवरणारी यंत्रणा, नाही. दोन हजार आरपीएमच्या खाली गाडी मवाळ असते आणि त्यानंतर टॉर्क एकदम येतो. कोरड्या रस्त्यावर यातच तिची मजा आहे. ओल्या रस्त्यावर दुसऱ्या गिअरमध्ये वळणातून बाहेर पडताना पाय जरा जास्त दाबला की पुढची चाकं जागेवर फिरतात, स्टिअरिंग हातात ओढ घेतं आणि गाडी वळणाच्या बाहेरच्या बाजूला सरकू लागते. अशा वेळी पाय हळू सोडायचा, स्टिअरिंग आणखी वळवायचं नाही. हे वाचून कळतं, पण पायाला कळायला वेळ लागतो.

धायरीत राहणाऱ्याला वेगळा घाट शोधावा लागत नाही. कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे येणारा उतार दारातच आहे. तिथे ब्रेक गेलेल्या ट्रकांनी किती घरं उद्ध्वस्त केली आहेत हे सिंहगड रोडच्या प्रत्येक माणसाला ठाऊक आहे. मुलाच्या आईने गाडी यायच्या आधीच स्वतःच्या अटी घातल्या होत्या, आणि मला त्या एखाद्या चालक-प्रशिक्षण वर्गापेक्षा जास्त शहाण्या वाटल्या. पहिल्या पावसाळ्यात ताम्हिणी आणि वरंधा हे घाट बंद. रात्री अकरानंतर गाडीत मित्र नाहीत. त्या उतारावर कायम डावी लेन, ट्रकच्या पुढे-मागे अंतर. आणि मोटरसायकल विकायची नाही.

शेवटची अट आधी मुलाला पटत नव्हती. तिचं मोल मला फार वाटतं. स्पोर्टी गाडी रोजच्या कामाला जुंपली की ती बंद पडली तरी घाईत सुरू करावी लागते, मिळेल तो भाग मिळेल त्या गॅरेजमध्ये बसवावा लागतो, आणि वर्षभरात तिची वाट लागते. इथे कंपनीची बस आणि मोटरसायकल होती, म्हणून गाडी तीन आठवडे गॅरेजमध्ये उभी राहिली तरी कोणाचं अडलं नाही.

मी माझ्याकडून दोन सवयी लावल्या. जोरात चालवून आल्यावर इंजिन लगेच बंद करायचं नाही, शेवटची दोन किलोमीटर सावकाश यायचं, म्हणजे तापलेल्या टर्बोतलं तेल जागीच जळत नाही. आणि साचलेल्या पाण्यात गाडी घालायची नाही. ती आधीच खाली बसवलेली आहे. इंजिनात पाणी ओढलं गेलं आणि पिस्टनने ते दाबायचा प्रयत्न केला की कनेक्टिंग रॉड वाकतो. असं नुकसान साध्या पॉलिसीत सहसा मिळत नाही, त्यासाठी इंजिनाचं वेगळं संरक्षण लागतं आणि नऊ वर्षांच्या गाडीला ते मिळणं कठीण.

पेट्रोलबद्दल एवढंच. शहरात लिटरला दहाच्या आसपास. महिन्याला सहाशे किलोमीटर म्हणजे सहा हजार तीनशे रुपये. पंपांवर आता वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि ही गाडी त्यासाठी बनलेली नाही. म्हणून इंधनाचे रबरी पाइप दर सर्व्हिसला तपासायचे आणि टाकी भरून महिनाभर उभी ठेवायची नाही, एवढं पाळलं.

वर्षभरात

क्लच आठव्या महिन्यात गेला. अंदाज होताच. प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग आणि मजुरी मिळून ३८ हजार. पैसे तयार होते, कारण पहिल्या महिन्यापासून तो दरमहा पाच हजार फक्त गाडीसाठी वेगळे टाकत होता. त्याच सुमारास सोसायटीच्या गल्लीत उभ्या गाडीला एका स्कूटरने ठोकर दिली. हेडलाइट आणि बंपर फुटले. हेडलाइट साध्या पुंटोचाच असल्याने आठवड्यात मिळाला. बंपरसाठी दीड महिना थांबावं लागलं. प्लास्टिकच्या भागांवर विमा कंपनी निम्मी घट धरते आणि अशी घट न धरणारं झिरो डेप्रिसिएशन इतक्या जुन्या गाडीला मिळालं नव्हतं, म्हणून क्लेम होऊनही खिशातून नऊ हजार गेले. ठरावीक सर्व्हिस अकरा हजार.

वर्षभराच्या पेट्रोलसकट, पण कर्जाचा हप्ता सोडून, बेरीज दोन लाख बेचाळीस हजार झाली. गाडीच्या किमतीच्या जवळपास ४५ टक्के. यात इंजिन उघडावं लागलेलं नाही, टर्बो गेलेला नाही, मोठा अपघात नाही. म्हणजे हे चांगलं गेलेलं वर्ष आहे. नीट निवडलेल्या, नीट तपासलेल्या गाडीचं चांगलं वर्ष एवढ्यात जातं. दुसऱ्या वर्षी हा आकडा निम्म्याच्या आसपास यावा, कारण बेल्ट, टायर, क्लच एवढ्यात परत येणार नाहीत.

मुलगा गाडी चालवायला शिकला आहे, हे मी त्याच्या शेजारी बसून पाहिलं. वळणाच्या आधी ब्रेक संपवतो, पाय हळू देतो, आरसे बघतो. चलन एकही नाही. आता रविवारी पहाटे वडिलांना शेजारी बसवून पानशेतच्या रस्त्याने जाऊन येतो. वडिलांनी उमेदवारीच्या काळात मालकाची प्रीमियर पद्मिनी चालवली होती, त्यामुळे फियाट म्हटलं की ते अजूनही सरसावून बसतात.

परवा तो एक प्रश्न घेऊन आला. नवा क्लच बसलाच आहे, तर आता स्टेज वन रीमॅप करू का? ओळखीचे सगळे करतात, ताकद १७५-१८० पर्यंत जाते.

मी नाही म्हटलं, आणि कारणं त्याच्या वहीतच लिहून दिली. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत असा बदल करू देत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उत्पादकाच्या मूळ नोंदींपेक्षा वेगळा बदल चालणार नाही असं स्पष्ट केलं आहे. न कळवलेला बदल अपघातानंतर निघाला तर विमा कंपनीला क्लेम नाकारायला आयतं कारण मिळतं. गिअरबॉक्सने आधीच्या मालकाची दोन वर्षं झेलली आहेत आणि त्याचे भाग इथे सहज मिळत नाहीत. ट्रॅक्शन कंट्रोल नसलेल्या पुढच्या दोन चाकांना आत्ताची ताकदच पावसात पुरून उरते. रीमॅपला जेवढे पैसे लागतील तेवढ्यात पुढचे ब्रेक डिस्क, चांगले पॅड, नवं ब्रेक ऑइल आणि थकलेले शॉक ॲब्सॉर्बर होतात, आणि ५८ हजार किलोमीटरवरच्या तपासणीत शॉक ॲब्सॉर्बर मला काठावरचे वाटले होते. त्याने दोन दिवस विचार केला आणि शॉक ॲब्सॉर्बरची ऑर्डर दिली. पुढचे दोन आले आहेत, मागचे यायचे आहेत.